गाडीच्या पार्टला कंपनीचाच रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं टू-व्हीलर पेंटिंगचं छोटं शेड आहे. टाकी, मडगार्ड, साईड पॅनेल, डूम (हेडलाईटचं कव्हर) एवढंच काम करतो, चारचाकी घेत नाही. दिवसातनं दहा वेळा फोनवर तेच तेच सांगावं लागतं, म्हणून इथं लिहून ठेवलंय. वाचून आलात तर आल्यावर निवांत चहा घेता येईल.

कंपनीचा कलर कोड माझ्याकडं आहे. मग रंग डोळे झाकून जुळणार की?

डोळे झाकून बघितला तर जुळेल.

कोड दिला की रंगाच्या दुकानात फॉर्म्युला निघतो. कुठला टिंटर (शेड बनवायला मिसळायचा मूळ रंग) किती ग्रॅम, हे त्यात असतं. पण तो फॉर्म्युला गाडी कारखान्यातनं निघाली त्या दिवशीच्या रंगाचा. तुमची गाडी त्यानंतर पाच वर्षं कॉलेजच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी होती, त्याचा हिशेब त्यात नाही. शिवाय कारखान्यातसुद्धा लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो. म्हणून एकाच कोडखाली कधी दोन-तीन फॉर्म्युले सापडतात. एकात पिवळसर झाक जास्त, दुसऱ्यात निळसर.

आणि मुळात रंगाची जातच वेगळी. कारखान्यात लोखंडी टाकी फॉस्फेटच्या बाथमधनं जाते, मग प्रायमर, रंग आणि लॅकर (वरचा पारदर्शक थर) चढतो आणि शंभर अंशांच्या बऱ्याच वरच्या ओव्हनमध्ये भाजून निघतो. आमचा रंग हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालून साध्या हवेत किंवा फार तर ६० अंशाला सुकणारा. डब्यात कंपनीचा रंग नसतो. वेगळ्या मालातनं तीच शेड, म्हणजे रंगाची छटा, उभी करायची असते. त्यामुळं कोडवरनं आम्ही सुरुवात करतो आणि शेवट तुमच्या गाडीवर, शेजारच्या पार्टला लावून करतो. याच एका कारणामुळं पुढचे निम्मे प्रश्न निर्माण होतात.

हा कोड सापडतो कुठं?

मोटारीला पट्टी असते तशी टू-व्हीलरला सहसा नसते. काही गाड्यांत सीटखाली किंवा टूलकिटच्या जागी बारीक लेबल असतं. होंडाच्या कोडमध्ये सुरुवातीला ‘एनएच’ दिसलं तर काळा, पांढरा, करडा, चंदेरी या घरातला रंग. ‘आर’ दिसलं तर लाल. लेबल निघून गेलं असेल तर शोरूमच्या पार्ट काउंटरवर जा आणि रंगीत साईड पॅनेलचा पार्ट नंबर विचारा. तोच पार्ट वेगवेगळ्या रंगांत येत असेल तर नंबरही वेगळे असतात, त्यावरनं रंगाचं पूर्ण नाव कळतं. आरसी बुकावर नुसतं ‘रेड’ असतं, त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. लाल किती प्रकारचा असतो ते कुठल्याही साडीच्या दुकानात विचारा.

एकच साईड पॅनेल रंगवायचंय. तेवढंच काढून पाठवलं तर?

पाठवू नका. निदान त्या बाजूची टाकी बघायला मिळाली पाहिजे. सगळ्यात बरं म्हणजे अख्खी गाडी दोन तास आणून उभी करा. आम्ही आधी टाकीचा हातभर भाग रबिंग कंपाउंडनं पॉलिश करतो. वरचा मळ आणि उन्हानं आलेला पांढरट थर निघाल्याशिवाय खरा रंग कळत नाही. बऱ्याचदा पॉलिश केल्यावर ग्राहकच म्हणतो, ‘आयला, गाडी एवढी लाल होती व्हय?’ मग रंगवायचा बेतच रद्द होतो. आमचं नुकसान होतं, पण होऊ दे.

टाकी आणि साईड पॅनेल नव्या गाडीतसुद्धा वेगळे वाटतात. माझा भास आहे का?

भास नाही. टाकी लोखंडाची, तिचा रंग तापमान सोसतो. साईड पॅनेल, काऊल, टेल पॅनेल प्लास्टिकचे, ते त्या ओव्हनमध्ये घातले तर वाकतील. त्यांना कमी तापमानाला सुकणारा वेगळा रंग लागतो, आणि बऱ्याचदा ते पार्ट दुसऱ्याच पुरवठादाराकडं रंगून येतात. दोन रंग, दोन स्प्रे गन, दोन जागा. मध्ये बोटभर फट आणि दोन्ही पृष्ठभाग वेगळ्या कोनात असल्यानं डोळा ते चालवून घेतो. ही फट आम्हालाही उपयोगी पडते. पॅनेलच्या कडेला जरासा फरक खपून जातो, पण एकाच पार्टच्या मधोमध केसाएवढाही खपत नाही.

म्हणूनच ‘फक्त ओरखड्यापुरता पट्टा मारा’ हे आम्ही ऐकत नाही. टू-व्हीलरचा पार्ट लहान असतो. रंग ओरखड्याभोवती विरवत नेला तरी लॅकर अख्ख्या पार्टवर मारावा लागतो. अर्ध्यात सोडलेल्या लॅकरची कड सहा महिन्यांत दिसायला लागते.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येऊन गाडी नेतो. चालेल ना?

नाही. सकाळी या, नाहीतर दुपारी तीनच्या आत.

हा नियम आमच्याच चुकीतनं आला. कागलच्या एका दादांची मरून रंगाची गाडी होती. घरात लग्न, म्हणून घाई. टाकीला डेंट होता. लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरली, रंग मारला आणि रात्री आठ वाजता शेडमधल्या ट्यूबखाली दोघांनी बघितलं. मी म्हणालो झकास, ते म्हणाले झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी दारात उन्हात उभी. दादा काही बोलत नव्हते, नुसते गाडीला एक फेरी मारून परत येऊन उभे राहायचे. शेवटी म्हणाले, ‘ह्यो माझा रंग हाय व्हय?’ टाकी चॉकलेटी आणि पॅनेल वांग्याच्या रंगाचे. रात्री दोन्ही अगदी सारखे होते, याची शपथ घेतो. टाकी फुकट पुन्हा रंगवून दिली आणि लग्नाला त्यांना मेहुण्याच्या गाडीवर जावं लागलं.

कारण असं. मरून दोन वाटांनी बनवता येतो. तांबड्यात निळं-काळं घालून, किंवा तपकिरी अंगाचा टिंटर घेऊन. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, उजेड बदलला की वेगळे. ट्यूबच्या उजेडात काही रंग मुळातच कमी असतात, त्यामुळं फरक लपतो. आता आम्ही जुळणी सकाळी शेडच्या दारात, उत्तरेकडच्या उजेडात, थेट ऊन नसताना करतो. नंतर तेच कार्ड (रंग मारून बघायचा नमुन्याचा पत्रा) उन्हात आणि ट्यूबखाली नेऊन बघतो. तिन्ही ठिकाणी चाललं तरच डबा भरायचा.

मशिननं मॅच करता की नुसत्या डोळ्यानं?

रंग जिथनं घेतो तिथं मशिन आहे. त्यात पार्टवर उजेड पडतो आणि किती परत आला ते मोजून संगणक जवळचा फॉर्म्युला काढून देतो. साध्या रंगाला उत्तम. मेटॅलिकला अनेक कोनांतनं मोजणारं मशिन लागतं, आणि तरी त्यातल्या चमकीचा दाणा जाड की बारीक हे डोळ्यानंच ठरवावं लागतं. शिवाय मशिनला सपाट जागा हवी. टाकीची कमान, मडगार्डची गोलाई यावर ते नीट टेकत नाही. मशिन ऐंशी टक्के वाट कापून देतं असं समजा. उरलेली वाट थेंबाथेंबानं, वजनकाट्यावर.

मेटॅलिकला जास्त पैसे आणि दोन दिवस जास्त का?

मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमची बारीक चकती असते. ती रंगात कशी झोपते यावर शेड ठरते. गन लांब धरली, हवा जास्त ठेवली, रंग कोरडा बसला, तर चकत्या आडव्या पडतात आणि समोरनं रंग उजळ दिसतो. ओला मारला तर त्या खाली बुडतात, वेड्यावाकड्या राहतात आणि रंग गडद होतो. डबा तोच, माणूस तोच, तरी टाकी वेगळी. म्हणून समोरनं जुळलेला चंदेरी रंग तिरका बघितला की काळपट पडतो. ग्राहक नेहमी समोर उभा राहून बघतो. आम्ही त्याला टाकीच्या कडेनं, गुडघ्यावर बसून बघायला लावतो.

यासाठी कार्ड मारतो. पोस्टकार्डाएवढा पत्रा, त्याच प्रायमरवर, त्याच गननं, तेवढ्याच हवेवर, तेवढेच हात (रंगाचे थर) आणि वर लॅकर. लॅकर नसलेला बेस कोट, म्हणजे खालचा रंगाचा थर, बघून काही ठरवू नका. लॅकर चढला की मेटॅलिक गडद होतो. ढवळायच्या काडीवरचा ओला रंग तर साफ फसवतो. साधा लाल सुकला की काडीवर दिसला त्यापेक्षा थोडा गडदच बसतो. पहिलं कार्ड सहसा चुकतं. मग त्यात अर्धा ग्रॅम काळा, पाव ग्रॅम हिरवट निळा, दुसरं कार्ड. कधी चौथ्यात जमतं. प्रत्येक कार्ड सुकायला वेळ द्यावा लागतो, दोन दिवस तिथं जातात. कार्डाच्या मागं पेन्सिलनं फॉर्म्युला आणि हाताची संख्या लिहितो. भिंतीवर अशी चारेकशे कार्डं टांगलीत. लोक ती बघतच बसतात.

पर्ल आणि कँडीचं काय?

पर्लमध्ये ॲल्युमिनियमऐवजी अभ्रकाचा दाणा असतो. त्याखालच्या रंगावर सगळा खेळ, त्यामुळं आधी खालचा थर जुळवायचा, मग वरचा.

कँडी हा वेगळाच संसार आहे. खाली चंदेरी, वर पारदर्शक रंगीत थर, मग लॅकर. पारदर्शक थराचा प्रत्येक हात रंग गडद करत जातो. तीन हाताला चेरी, पाच हाताला डाळिंब. कार्डाचे पट्टे पाडून एक, दोन, तीन, चार हात मारून बघतो आणि तुमच्या गाडीशी जो पट्टा जुळेल तेवढेच हात टाकीवर. मधेच कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली तर टाकी पुन्हा घासायची. कँडीच्या दिवशी फोन उचलत नाही, राग मानू नका.

यामाहाची आरएक्स १०० आहे, १९९० च्या आसपासची. मूळ रंग मिळेल का?

कोल्हापुरात हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. ती गाडी १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. त्यामुळं आज बाहेरनं जो रंग दिसतो तो बहुधा तिसरा किंवा चौथा असतो. मूळ रंग लपलेल्या जागी शोधायचा. साईड पॅनेलच्या आतल्या कडेला, टाकीखाली जिथं ती चासीवर रबरावर बसते तिथं, बॅजच्या मागं. वॉटर पेपरनं हळूहळू घासत गेलं की झाडाच्या खोडासारखी वळी दिसतात: वरचा काळा, खाली कुणीतरी मारलेला पिवळा, त्याखाली लांबी, आणि तळाशी कुठंतरी पीकॉक ब्लू. तो ठिपका नखाएवढा सापडला तरी पुरतो.

पण ठरवा, तुम्हाला १९९० चा शोरूममधला निळा हवा की आजच्या बाकी पार्टशी जुळणारा? सगळे पार्ट रंगवणार असाल तर मूळ घ्या. एकच मडगार्ड असेल तर विटलेला जुळवावा लागेल. लाल रंग सगळ्यात लवकर विटतो. टाकीच्या माथ्यावर आणि पोटाशी तोच लाल वेगळा असतो, अशा वेळी आम्ही पार्टच्या उंचीवरची जागा पकडतो.

‘फायबर’वर मारलेला रंग पोपड्यासारखा सोलून निघाला. रंगच खराब होता ना?

आपण ज्याला फायबर म्हणतो ते बहुधा एबीएस किंवा पीपी प्लास्टिक असतं. पार्टच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाचा. एबीएसवर रंग बऱ्यापैकी धरतो. पीपी तेलकट स्वभावाचं, त्यावर खास प्लास्टिक प्रायमर मारल्याशिवाय काहीच टिकत नाही. शेड कितीही जुळो, एका पावसाळ्यात सालपट निघतं.

पावसाळ्यात काम घेता का?

जून ते सप्टेंबर घेतो, पण तारीख देत नाही. गगनबावड्याकडनं ढग आले की हवेत इतकं पाणी असतं की कंप्रेसरच्या नळीतनंसुद्धा थेंब येतात. नळीतलं पाणी अडवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी तासातासाला काढतो. जुन्या डुको जातीच्या रंगावर दमट हवेत पांढरट धुकं धरतं, आणि हार्डनर तर पाण्याशीच भांडतो, लॅकरमध्ये बुडबुडे येतात. रंगाची शेडही हलते. ऊन पडलं की मारायचं, नाहीतर घासकाम.

हिवाळ्यात वेगळं. गळीत हंगाम सुरू झाला की वाऱ्यावर काजळी येते आणि नेमकी ओल्या लॅकरवर बसते. दारं बंद, जमीन ओली, तरी एखादा कण येतोच. सुकल्यावर दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरनं घासून पॉलिश करतो. आणि निवडणुकीच्या किंवा जोतिबाच्या गुलालात नवी रंगवलेली गाडी नेऊ नका. पहिला आठवडा लॅकर कच्चा असतो, ओला गुलाल त्यात मुरतो. पांढऱ्या टाकीची गुलाबी झालेली एक आमच्याकडं आली होती. मालक निवडून आला होता, त्यामुळं फार बोलला नाही.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती. नुसता रंग मारून चालेल?

टाकीच्या शिवणीला आणि तळाला फोड असतील तर नाही. खाली गंज चालू असतो, तो काढून, पत्रा कितपत उरलाय बघून मगच रंग.

रंगवलेल्या टाकीवर पेट्रोल सांडलं आणि डाग पडला.

वर हार्डनरचा लॅकर नव्हता. डब्यातल्या साध्या स्प्रेचंही हेच होतं. बाजारातली छोटी स्प्रे-डबी शेडच्या बाबतीत कधी कधी बरी असते, पण ती टाकीच्या झाकणाजवळ वापरू नका. आणि घरी हार्डनरवालं काम करणार असाल तर तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, त्यातली वाफ फुप्फुसाला वाईट. योग्य फिल्टरचा मास्क लागतो.

टाकी आणताना पेट्रोल काढून, झाकण उघडं ठेवून, हवा लागू देऊन आणा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

मॅट रंगाचा ओरखडा पॉलिश करून जाईल?

नाही. पॉलिश केलं की तिथं चकाकी येते आणि ओरखड्यापेक्षा मोठा डाग दिसतो. अख्खा पार्ट पुन्हा.

स्टिकर आणि टाकीवरच्या रेघा?

बऱ्याच गाड्यांत स्टिकर लॅकरच्या खाली असतो, म्हणजे रंग काढताना तो जाणारच. नवा आधी मिळवा, मग गाडी आणा. स्टिकर न मिळाल्यानं आमच्याकडं टाक्या तीन-तीन महिने पडून राहतात. बुलेटच्या सोनेरी रेघांचं वेगळं आहे. रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात त्या हातानं ओढलेल्या आहेत, आपणही हातानंच ओढून देतो. मूकपट काढणारे बाबूराव मेस्त्री ज्या गावात बाबूराव पेंटर झाले त्या गावात ब्रश धरणारा हात अजून सापडतो. आमच्याकडं येणारे काका पूर्वी नंबर प्लेट आणि दुकानाच्या पाट्या रंगवायचे. रेघ ओढताना ते श्वास रोखतात, आणि तेवढा वेळ शेडमध्ये कुणीही बोलायचं नाही.

चासी आणि रिमसुद्धा रंगवून द्याल?

त्याला पावडर कोटिंग बरं, ते शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला करून आणतो. ते साधारण दोनशे अंशाला भाजतात, त्यामुळं बेअरिंग, रबर, सील सगळं आधी काढावं लागतं. त्यात ठरावीक शेडच मिळतात, मेटॅलिक टाकीशी जुळणी विसरा. चासी नंबरवर टेप लावायला आम्ही स्वतः उभे राहतो. तो नंबर घासला किंवा जाड थराखाली गेला तर पुढं पासिंगला त्रास तुम्हाला.

रंगच बदलायचाय. मिलिटरी हिरवा चालेल?

रंगाची नोंद आरसीवर असते. तोच रंग पुन्हा मारला तर काही करायला नको, वेगळा मारला तर आरटीओत नोंद बदलून घ्या. ऑलिव्ह ग्रीनचा हट्ट सोडा; १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलाय.

खर्च किती?

फोनवर सांगत नाही. लांबी किती भरायची हे टाकीवर हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

उरलेला रंग देता का?

देतो. टाकी आणि दोन पॅनेलला बेस कोट पाव लिटरच्या आसपास लागतो, थोडा उरतोच. हार्डनर न घातलेला बेस कोट घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सावलीत ठेवला तर वर्षभर चालतो. हार्डनर मिसळलेला लॅकर मागू नका, तो संध्याकाळपर्यंत डब्यातच दगड होतो. फॉर्म्युला आणि हातांची संख्या लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली चिकटवतो. पुढं गाडी पुण्यात नाहीतर सांगलीत कुणाकडं नेलीत तर ती चिठ्ठी त्याला दाखवा.